सहा पाळ्या

एका खोट्या कागदावर मी माझी खरी सही केली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि आबा गेले त्या आठवड्यात रोज त्यांच्या उशाशी बसत होतो तेव्हा त्यांनाही नाही. एकदा सांगायचं ठरवून बसलो होतो. पण आबांना तोवर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ती गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. म्हणून आता लिहितोय. त्या वेळी तुला काय वाटलं, असं कुणी विचारेल. आठवतं तेवढ्यात फार काही वाटलं नव्हतं. अंगाखाली दबून हात बधिर होतो आणि तो आपलाच आहे हे दुसऱ्या हातानं उचलून बघावं लागतं, तसे ते दिवस माझ्या अंगाला लागून आहेत. तेव्हा वाटलं काय ते सोडून देतो, झालं काय ते सांगतो.

आम्ही लिंबायतला राहत होतो. आबा अमळनेरकडच्या एका खेड्यातून सुरतेला आले ते मागावर काम करायला, आणि मागापाशीच म्हातारे झाले. मागाच्या शेडला सुरतेत सगळे खातं म्हणतात. आमच्या खोलीच्या खाली खातं, समोर खातं, मागच्या गल्लीत खातं. दिवसरात्र खटखट चालू. ती आम्हाला ऐकूच येत नसे. लाइट जाऊन माग थांबले की मात्र आख्खी गल्ली दचकायची, तान्ही पोरं झोपेतून उठून रडायला लागायची. आबा आणि त्यांच्या जोडीचे सगळे कारीगर थोडेफार बहिरे होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. खात्यात बोलणं म्हणजे ओठ आणि बोटं. धागा तुटला, ताण्याचा बीम संपला, चहा आला, शेठ आला, प्रत्येकाची एक खूण. पाळी बारा तासांची. मनगटावर एक बोट ठेवलं की एक पाळी, दोन बोटं ठेवली की दोन. आबा घरीसुद्धा असेच बोलायचे. भाकरी पाहिजे असली की तोंड उघडायचे नाहीत, ताटाच्या कडेवर बोट आपटायचे. माय म्हणायची, "आठे माग नही शे. तोंड शे ना तुमले?" आबा आणखी एकदा बोट आपटायचे.

माय कळण्याच्या भाकरी करायची. ज्वारी-उडदाचं ते पीठ गावाकडून कुणी येणारा असला की यायचं, आणि पुरवून पुरवून वापरलं जायचं. मिरच्या तव्यावरच भाजायच्या आणि तिथंच तांब्याच्या बुडानं रगडायच्या. त्या खकाण्यानं अर्धी गल्ली खोकायची. रविवारी मात्र भाकरीला सुट्टी. रविवारी आबा कोपऱ्यावरून कागदात बांधलेलं खमण आणायचे, आणि त्यातल्या तळलेल्या मिरच्या शेजारच्या सुखदेवकाकांसाठी वेगळ्या काढून ठेवायचे. काका आणि आबा एकाच खात्यात, शेजारशेजारचे माग चालवणारे. काका उंच, किडकिडीत आणि तोंडाचे फटकळ. त्यांना आणि कमलकाकूंना मूलबाळ नव्हतं. मी शाळेत जायला लागलो तेव्हापासून ते मला मास्तर म्हणायचे, आणि आमच्या उंबरठ्यावर बशी घेऊन बसले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय मास्तर, आज कोणतं कलम शे?"

कलम म्हणजे संविधानाचं. आबांकडे मराठीतलं संविधान होतं, खाकी पुठ्ठा घातलेलं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि त्याच्या खालच्या फळीवर ते पुस्तक, दुसरं काही त्या फळीवर ठेवायचं नाही असा नियम. दर रविवारी अंघोळी झाल्यावर त्यातलं एक कलम मोठ्यानं वाचायचं, हा आमच्या घरचा रिवाज. आबा चौथी शिकलेले, बोट ठेवून वाचू शकत, पण वाचायचं काम माझं. सातवीपर्यंत मी पालिकेच्या मराठी शाळेत होतो आणि पुढे गुजरातीत, त्यामुळे आमच्या मजल्यावर दोन्ही लिप्या वाचणारा मी एकटाच होतो. कुणाचं वीजबिल आलं, दवाखान्याचा कागद आला, की आधी आमच्या दारात यायचा. आबांना त्याचा अभिमान होता. तो ते बोलून दाखवायचे नाहीत. कागद घेऊन कुणी आलं की नुसतं माझ्याकडे बोट करायचे.

वाचून झालं की आबा विचारायचे, "म्हणजे काय?" आणि त्याला उदाहरण आपल्या गल्लीतलं द्यावं लागायचं. दिल्लीतलं, पुस्तकातलं चालत नसे. सगळे कायद्यापुढे सारखे, हे मी वाचलं तेव्हा सुखदेवकाका मिरची चावत म्हणाले, "मग नळावर आमच्या कमलचा नंबर कायम शेवटी का?" कमलकाकू आतून म्हणाल्या, "कारण तिचा नवरा उशिरा उठस." भारतभर कुठंही फिरण्याचं स्वातंत्र्य मी वाचलं तेव्हा काका हसतच सुटले. कारण आमच्या शेठनं तेव्हा नवीन पद्धत काढली होती. पाळी सुरू झाली की माल बाहेर जाऊ नये म्हणून खात्याला बाहेरून कुलूप. "वा रे मास्तर," काका म्हणाले, "भारतभर फिरायची मुभा शे, आणि खात्यातून मुतायला जायची नही?" आबासुद्धा हसले. आबा हसले की त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

आणि बाविसावं. ते दोन रविवार चाललं होतं, कारण काकांनी पहिल्या रविवारी विश्वासच ठेवला नाही. कुणाला पकडलं तर का पकडलं ते त्याला सांगायचं, वकील भेटू द्यायचा, आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करायचं. "पोलीस हे वाचतंत का?" काकांनी विचारलं. आबा म्हणाले, त्यांनी वाचलं नाही तरी ते आहे. मी पुढे वाचलं की त्या चोवीस तासांत प्रवासाला लागणारा वेळ धरायचा नाही. "चौकीवरून कोर्ट म्हणजे रिक्षानं अर्धा तास," काका हिशेब करत म्हणाले. "म्हंजे दोन पाळ्या आणि एक रिक्षा." त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवून दाखवली. आबांना ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, घटनेनं माणसाला दोन पाळ्यांच्या वर डांबता येत नाही. मला आज वाटतं, हक्काची इतकी नेमकी व्याख्या मी पुढे कुठल्याच भाषणात ऐकली नाही. पण तेव्हा मी पुस्तक बंद करून खमणाकडे वळलो होतो.

एकदा खात्यातल्या वायरिंगमधून धूर निघाला आणि बाहेरून कुलूप. दहाएक मिनिटं माणसं आत खोकत राहिली. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सुखदेवकाका शेठच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, आम्ही कारीगर आहोत, कैदी नाही, आमच्या मास्तरनं आम्हाला वाचून दाखवलंय. मी तिथंच बसलेलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो, आणि गुजराती अक्षर चांगलं म्हणून शेठनं मला महिन्याभरापूर्वी ऑफिसात घेतलं होतं, गेटपास लिहायला. आमच्या सात पिढ्यांत खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. माय नळावर सगळ्यांना सांगायची, "मना आंडोर खुर्चीवर बसस." माझा पोरगा खुर्चीवर बसतो. काकांनी 'आमचा मास्तर' म्हणताना माझ्याकडे हात केला. शेठनं माझ्याकडे बघितलं. मी गेटपास लिहीत राहिलो. कुलूप त्या दिवसापासून निघालं. दोन महिन्यांनी गोदामात सुताचे कोन कमी भरले, आणि शेठनं चौकीत सुखदेवकाकांचं नाव दिलं.

मंगळवार होता. सकाळी काका नळावर अंघोळ करत होते, नुसत्या टॉवेलवर, अंगाला साबण. मी वर गॅलरीत दात घासत उभा. दोन पोलीस आले, साध्या कपड्यांतला एक. त्यांनी दंडाला धरलं. गल्ली सगळी बघत होती. काकांनी अंगावर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, डाव्या कानाशी फेस तसाच. त्यांनी वर बघितलं, मी दिसलो, आणि ते हसत ओरडले, "मास्तर, घड्याळ बघून ठेव!" मी आत जाऊन बघितलं. सात वाजून दहा मिनिटं.

बुधवारी सकाळी सात दहाला आबांनी पांढरा शर्ट घातला, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि चौकीवर गेले. त्या दिवसाची पाळी त्यांनी मोडली. पाळी मोडलेली मी त्याआधी एकदाच बघितली होती, आजी गेली तेव्हा. तासाभरानं परत आले. कमलकाकू आमच्या दारात बसल्या होत्या. आबा त्यांना म्हणाले, "असा कुणी माणूस आठे नही, असं सांगतंत." मग पिशवीतून पुस्तक काढून फळीवर ठेवत म्हणाले, "पण त्याचा टॉवेल शे. हिरव्या चौकड्यांचा. मागच्या खिडकीच्या गजावर वाळत घालेल शे." गुरुवारी पुन्हा गेले. तेव्हा टॉवेलही नव्हता. माय त्या तीन दिवसांत दोन्ही घरांच्या भाकरी थापत होती, आणि कमलकाकू एक तुकडा मोडून तो हातात तसाच धरून बसायच्या. मी ऑफिसला जात होतो, येत होतो. आबा संध्याकाळी मनगटावर बोटं मोजायचे. गुरुवारी संध्याकाळी पाच झाली.

शुक्रवारी दुपारी शेठनं मला हाक मारली. "अनिल, चोकी पर जई आव. साहेबने एक सही जोईए छे. बे मिनिटनुं काम." चौकीवर जाऊन ये, साहेबांना एक सही हवी आहे. मी उभा राहिलो. तो हसून म्हणाला, "तारी खुर्शी क्यांय नथी जती." तुझी खुर्ची कुठं जात नाही. हे धमकीसारखं बोलला नाही तो. खरंच मायेनं बोलला. पुष्कळदा विचार केलाय मी यावर.

चौकीत मागच्या खोलीत काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. अंगात कुणाचातरी ढगळ शर्ट. डाव्या कानाशी अजून पांढरं काहीतरी सुकलेलं होतं. मला आधी तो मंगळवारचा साबणच वाटला, पण ते कानातून वाहून आलेलं होतं. बाजूच्या पानवाल्यानं आधीच सही केली होती. चौकीच्या प्रत्येक कागदाला तोच पंच असे, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरा पंच मी. जमादारानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "वांचतां आवडे छे?" मी म्हणालो, हो, वाचता येतं. "तो नहीं वांचतो," तो म्हणाला. मग नको वाचूस. खोलीतला दुसरा पोलीस हसला.

पण अक्षर समोर आलं की ते न वाचणं मला कधी जमलेलं नाही. मी वाचलं. त्यात होतं की आज शुक्रवारी दुपारी चार वाजता रेल्वेच्या फाटकाजवळ आरोपीस आम्हा पंचांसमक्ष अटक केली, अटकेचं कारण त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं, त्याच्या अंगावर कसलीही इजा नाही. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा पावणेचार झाले होते. खाली माझं नाव आधीच लिहिलेलं होतं, अनिलभाई निंबाभाई. असं माझं नाव तोवर कुणी लिहिलं नव्हतं. मी मान वर केली तेव्हा काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी मनगटावर बोटं ठेवली. एका हाताची पाच आणि वर दुसरा अंगठा. सहा. मला खात्यातली खूण कळते हे त्यांना माहीत होतं, आणि त्या खोलीत ती कळणारा दुसरा कुणी नव्हता. मंगळवारच्या दोन, बुधवारच्या दोन, गुरुवारच्या दोन. सातवी चालू होती.

मी सही केली. चांगल्या अक्षरात, पूर्ण. पेन जमादाराला परत दिलं. बाहेर येताना पानवाल्यानं मला एक सोडा फुकट पाजला, तो मी प्यालो. ऑफिसात जाऊन राहिलेले गेटपास लिहिले.

शनिवारी काकांना कोर्टात उभं केलं. कागदाप्रमाणे चोवीस तासांच्या आत, कलमाप्रमाणे. काकांनी न्यायाधीशांना सांगितलं म्हणे, मला मंगळवारी नेलंय आणि या कानानं ऐकू येत नाही. साहेबांनी कागद बघितला. कागदात शुक्रवार होता. डॉक्टरच्या कागदावर होतं की आरोपी मागावर काम करतो, ऐकण्याचा दोष जुना असावा. आबांनी एक वकील गाठला होता, म्हातारा गुजराती माणूस, पन्नास फायली काखेत घेऊन फिरणारा. तो आबांना म्हणाला की तुमचं खरं आहे हे मला माहीत आहे, पण खरं असून उपयोग नाही. दोनपैकी एका पंचानं जरी येऊन सांगितलं की तारीख खोटी, तर मी काहीतरी करू शकतो. पानवाला कामाचा नाही. दुसरा बघा कोण आहे. त्यानं कागदाची नक्कल आबांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आबांनी खमण आणलं नाही. अंघोळी झाल्या. आबांनी फळीवरचं पुस्तक काढलं नाही, खिशातून ती नक्कल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "आज हे वाच." कमलकाकू उंबरठ्यावर, जिथं काका बसायचे तिथं. माय स्टोव्ह बंद करून आली. मी गुजराती वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो. एक वाक्य वाचायचो, एक सांगायचो. फाटकाजवळ, असं आलं तेव्हा कमलकाकू म्हणाल्या, "फाटक? अंगावर साबण होता हो त्यांच्या." मग आलं, कसलीही इजा नाही. मग पंच नंबर एक, पानवाला. मग पंच नंबर दोन.

आबा म्हणाले, "दुसरा कोन?"

मी कागदाकडे बघत होतो. माझंच अक्षर होतं. मी म्हणालो, "रमणभाई. राहणार कडोदरा."

हे मी ठरवून केलं नव्हतं. आदल्या दिवशी कडोदऱ्याच्या कुठल्यातरी खात्याचा गेटपास लिहिला होता म्हणून गाव तोंडात आलं असेल. रमणभाई कुठून आला ते माहीत नाही. "रमणभाई काय?" आबांनी विचारलं. मी म्हणालो, पुढचं पुसट आहे. आबांनी नक्कल हातात घेतली, माझं बोट होतं तिथं आपलं बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं. त्यांना गुजराती येत नव्हतं. मग घडी घालून कागद पुस्तकात ठेवला, बाविसाव्या कलमाच्या पानात. माय मला म्हणाली, "तोंड का उतरेल शे रे? जेवी ले थोडं." मी जेवलो.

त्यानंतरचे सहा रविवार आबा कडोदऱ्याला गेले. सकाळी पांढरा शर्ट घालून, माय दशमी-चटणी बांधून द्यायची, हायवेवरून शेअर रिक्षानं. संध्याकाळी धुळीनं भरून परत यायचे. गावात रमणभाई पुष्कळ होते. एक दूधवाला, एक सायकलवाला, एक मेलेला. प्रत्येकाच्या दारात जाऊन आबा आपल्या मोडक्या गुजरातीत विचारायचे की तुम्ही लिंबायतच्या चौकीत कागदावर सही केली होती का. काही जण हाकलायचे. एकानं ताक पाजलं. आबा आल्यावर सगळं मला सांगायचे, कारण पुढच्या रविवारी कुठल्या गल्ल्या राहिल्यात ते मी लिहून ठेवायचं होतं. मी लिहायचो. "वकिलाला भेटून विचारा ना," असं मायेनं एकदा म्हटलं तर आबा म्हणाले, "सापडल्याशिवाय त्याला काय तोंड दाखवू." सहाव्या रविवारी त्यांना ताप होता तरी गेले. मी म्हणालो, "आबा, राहू द्या आता." ते म्हणाले, "त्या माणसालेबी वाटत असेल ना रे काहीतरी. कुणी समोर जाऊन इचारलं तं सांगी तो." एवढं बोलून ते पायऱ्या उतरले.

आबा म्हणायचे की घटना गरिबाचं रक्षण करते. मी पुढे पुष्कळ वाचलं, दुसऱ्या देशांच्या घटनांतसुद्धा हे असलं कलम असतं असंही वाचलं, कुठं अठ्ठेचाळीस तास, कुठं आणखी काही. सगळीकडे ते एका ठिकाणी येऊन टेकतं. कुणीतरी कागदावर खरी वेळ लिहावी लागते, आणि कुणीतरी खाली सही करताना घड्याळाकडे बघावं लागतं. आमच्या चौकीत ते काम माझ्याकडे आलं होतं. मी घड्याळाकडे बघितलंही होतं.

सुखदेवकाका दीडेक महिन्यानं जामिनावर सुटून आले. वाळले होते. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याकडे मान वळवून उजवा कान पुढे करायचे. संध्याकाळी आमच्याकडे आले आणि उंबरठ्यावर बसले. मायेनं चहा दिला. आबांनी त्यांना रमणभाईची सगळी हकीकत सांगितली, सहा रविवारांची, दूधवाला, सायकलवाला, ताक. शेवटी म्हणाले, "नही सापडना रे, सुखदेव. कडोदरा पालथं घातलं." मी आत मोरीपाशी उभा होतो. तिथून काकांचा चेहरा दिसत होता. काकांना आधी काही कळलं नाही. "कोन रमणभाई?" असं ते म्हणालेसुद्धा. आबा म्हणाले, "दुसरा पंच. अनिलनं वाचून दाखवलं ना."

काकांनी बशी खाली ठेवली. मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे बघून म्हणाले, "हां, तो. पाह्यला मी त्याले. जाऊ द्या निंबादादा. तो नही सापडणार."

"का? कसा होता दिसायला?"

"होता आपल्यासारखाच," काका म्हणाले. "ल्हान होता. भ्यायेल होता." आणि बशी उचलून चहा प्याले.

त्यानंतर ते मला मास्तर म्हणाले नाहीत. अनिल म्हणायचे. दुसरं काही बदललं नाही, वागण्याबोलण्यात नाही, सणाला कमलकाकूंकडून वाटी यायची ती यायची. पुढच्या रविवारी आबांनी पुस्तक काढलं आणि मला हाक न मारता स्वतःच बोट ठेवून वाचायला बसले. एक एक अक्षर जुळवत. मला वाटलं, आज मी उशिरा उठलो म्हणून. पण त्याच्या पुढच्याही रविवारी तसंच, आणि मग कायमचं. आबांना कळलं होतं का, मला माहीत नाही. ती नक्कल ते गेल्यावर मी पुस्तकात शोधली. होती, त्याच पानात. माझ्या नावाखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. ती वकिलाची असू शकते.

चोरीची केस पुष्कळ वर्षं चालली आणि सुताचे कोन न सापडल्यानं काका निर्दोष सुटले. तोवर लिंबायतमधल्या कुठल्याच खात्यात काकांना कुणी उभं करत नव्हतं. ते दोघं पुतण्याकडे गेले, कडोदऱ्याला. खुर्ची माझी राहिली. ते खातं बंद पडेपर्यंत मी तिच्यावर बसलो. आता दर नोव्हेंबरात संविधान दिनाला विहारात प्रास्ताविका वाचायला मला बोलावतात, कारण माझा आवाज चांगला आहे. मी वाचतो. लोक मागून म्हणतात. घरी येतो, जेवतो.

कमलकाकू गेल्या, त्यालाही पाच वर्षं झाली. काका आहेत. ऐंशीच्या पुढे असतील. पुतण्याच्या दारात खाट टाकून बसलेले असतात असं कुणीतरी सांगितलं. हायवेवरून मी महिन्यातून दोनदा जातो, कडोदऱ्याच्या चौकात रिक्षा थांबते, माणसं उतरतात, चढतात. मी उतरत नाही.

सुखदेवकाकांना मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नळावरून नेलं, शुक्रवारी चार वाजता फाटकावरून नाही. हे मला गुजरातीत लिहून, खाली माझं नाव घालून, सही करून द्यायचं आहे. आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसून ते त्यांना वाचून दाखवायचं आहे. ते अजून बाकी आहे.